स्टॅबिलायझर फक्त फ्रिजलाच नसतो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मेकॅनिकल कीबोर्डवर, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो त्या कीबोर्डवर, अर्धं पान छापलं ते वाचलं. फोटो एक नंबर होते, लिहिणाऱ्यानं मेहनतही घेतली होती. पण स्विचवर तीन कॉलम, लाल-निळे-ब्राऊन सगळे रंग सांगून झाले, कीकॅपवर, म्हणजे बटणाच्या वरच्या टोपीवर, वेगळी चौकट, केबलवरसुद्धा चार ओळी, आणि स्टॅबिलायझरवर एक शब्द नाही. लग्नाच्या पत्रिकेत साऱ्या काका-मामांची नावं छापली आणि मुहूर्त टाकायचाच राहिला, तसं झालं हे. आणि हे मी उगाच खुसपट काढायला लिहीत नाहीये. लेख छापून आल्यापासून आठ दिवसांत माझ्या दुकानात दोन पोरं तुमचं ते कात्रण घेऊन आली, काका आम्ही भारी स्विच टाकले तरी स्पेसबार डबड्यासारखा खडखड करून राहिला, काय करायचं. म्हणलं आता संपादकांनाच लिहितो, एकेकाला कुठवर सांगत बसू.

माझं नागपुरात महालात डीटीपी आणि जॉबवर्कचं दुकान आहे. त्याच खोलीत आधी बाबांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, दहा मशीन होत्या, काही गोदरेजच्या काही रेमिंग्टनच्या, आणि मराठी तीसच्या परीक्षेला बसणारी पोरंपोरी सकाळी साडेसहापासून बडवत असायची. त्यामुळे बटणांचा आवाज आमच्या घरात लहानपणापासून आहे. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत म्हणाल तर डिसेंबरात रोज तीस-चाळीस पानं निवेदनं टाईप होतात, मोर्चेवाले बाहेर उभे राहून घाई करतात. तर कीबोर्ड हा माझ्यासाठी शौक नंतर, पोटापाण्याचं हत्यार आधी.

आता ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी सांगतो की ही भानगड काय आहे. कीबोर्डचं साधं बटण एका स्विचवर उभं असतं, ते ठीक. पण स्पेसबार केवढा लांब, आणि त्याच्याखाली पण स्विच एकच, मधोमध. तुम्ही डाव्या टोकाला अंगठा मारला तर ते टोक खाली जाणार आणि उजवं वर राहणार, सी-सॉ सारखं. ते होऊ नये म्हणून दोन्ही बाजूला एकेक छोटा प्लास्टिकचा डबा, त्याला हाउसिंग म्हणतात, त्यात वर-खाली सरकणारा स्टेम, आणि दोन्ही स्टेमना जोडणारी एक स्टीलची तार, मराठीतल्या आडव्या पडलेल्या कंसासारखी. एक टोक दाबलं की तार फिरते आणि दुसऱ्या टोकालाही तेवढंच खाली ओढते. बस्स, हाच स्टॅबिलायझर. दोन यू किंवा त्याहून लांब बटण असलं की तो लागतो. यू म्हणजे एका साध्या बटणाची रुंदी, १९.०५ मिमी. बॅकस्पेस २ यू, एंटर आणि डावा शिफ्ट २.२५, उजवा शिफ्ट २.७५, स्पेसबार बहुतेक ६.२५. आपल्या हिशोबात सांगायचं तर सव्वा दोन, पावणेतीन आणि सव्वा सहा, आणि खरं सांगू का, हे पाढे शिकलेल्या माणसालाच ही मापं पटकन लक्षात राहतात.

पहिल्यांदा मी हे घ्यायला बर्डीच्या बाजारात गेलो, मोदी नंबर तीनच्या गल्लीत. दुकानदाराला म्हणलं स्टॅबिलायझर दाखवा. त्यानं विचारलं फ्रिजचा का एसीचा. म्हणलं कीबोर्डचा. तो दोन मिनिटं माझ्याकडे पाहत राहिला, मंग आत जाऊन मालकाला म्हणाला, भाऊ, हा माणूस कीबोर्डला व्होल्टेज कमी येते म्हणून राहिला. मालकानं मला बसवून चहा पाजला, माल काही मिळाला नाही. शेवटी ऑनलाईनच मागवावा लागला.

आता मुद्द्याचं. इंग्रजी टाईप करणाऱ्याला शिफ्ट लागतो कधीमधी, वाक्य सुरू झालं की एकदा, कोणाचं नाव आलं की एकदा. मराठीवाल्याचं तसं नाही. इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी टाईप करायच्या सरकारी कीबोर्ड मांडणीवर, ख, घ, छ, थ, ध, फ, भ, ठ, ढ सगळे शिफ्टमध्ये. अ, आ, इ शिफ्टमध्ये. आपला ळ शिफ्टमध्ये, ण शिफ्टमध्ये. नुसतं ‘आणि’ लिहायचं तर दोनदा शिफ्ट दाबावा लागतो, आ ला एकदा, ण ला एकदा. आणि एका निवेदनात ‘आणि’ किती वेळा येतं ते तुम्हीच मोजा, तुमचाही धंदा तोच आहे. गंमत म्हणजे इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, म्हणून ख-घ-भ-ळ साठी डावा शिफ्ट आणि अ-आ-ण साठी उजवा शिफ्ट, दोन्ही सारखेच झिजतात. ‘नागपूर’ तेवढं बिनशिफ्टचं येतं, बाकी ‘विदर्भ’ म्हणलं की भ ला शिफ्ट आलाच. तर ही मोठी बटणं इंग्रजीवाल्यापेक्षा आपण जास्त बडवतो, म्हणजे स्टॅबिलायझर बरोबर असायची गरज आपल्यालाच जास्त. यूट्यूबवरचे ते सारे व्हिडिओ इंग्रजी टाईप करून आवाज ऐकवतात, त्यात शिफ्ट कुठे वाजतोच. तुमच्या लेखात मला हे वाचायला मिळालं असतं तर मी कात्रण दुकानात चिकटवलं असतं.

घेताना काय पाहायचं ते सांगतो. मुख्य प्रकार दोन. एक प्लेटवर बसणारा, तो स्विचच्या खालच्या पत्र्यात खटकन अडकतो, तयार मिळणाऱ्या पुष्कळ कीबोर्डमध्ये तोच असतो. दुसरा पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवर बसणारा, आणि त्यात परत दोन पोटजाती, एक नुसता दाबून बसवायचा आणि एक स्क्रूचा. माझं मत विचाराल तर पीसीबीला भोकं असतील तर डोळे मिटून स्क्रूवाला घ्या. दाबून बसवलेला कीकॅप ओढताना कधीकधी जागेवरून उचकटून वर येतो, आणि तो परत बसवायचा म्हणजे सगळं उघडा. स्क्रूवाला हलत नाही. त्याच्यासोबत छोटे वॉशर येतात ते फेकू नका, स्क्रूचं डोकं पीसीबीच्या नक्षीला टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून ते असतात. कोस्टार नावाचा एक जुना प्रकारही आहे, त्यात तार थेट कीकॅपला अडकवावी लागते, कीकॅप काढता घालताना जीव जातो, नवीन माणसानं त्याच्या नादी लागू नये.

पण विकत घेण्याआधी आपल्या कीबोर्डची प्लेट आणि पीसीबी उघडून पाहा, भोकं आहेत का, आणि पीसीबीची जाडी किती. बहुतेक पीसीबी १.६ मिमीचे असतात पण आजकाल १.२ चेही येऊन राहिले, आणि टीएक्स ब्रँडसारखे काही सेट जाडीप्रमाणे वेगवेगळे मिळतात. मी एकदा हे पाहिलंच नाही. एका ऑनलाईन विक्रेत्याकडून सेट मागवला, पानावर जाडीचा उल्लेख नव्हता, आला तो १.२ चा, माझा बोर्ड १.६ चा, परत करतो म्हणलं तर पॅकेट फोडलं म्हणून घेतला नाही. पंधराशे रुपये आजही ड्रॉवरमध्ये पडून आहेत. मोजायचं कसं, तर साधा व्हर्नियर, नाही तर शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडे नेऊन द्या, तो हसेल पण मोजून देईल. नग किती लागतात तेही आधी मोजा. नंपॅड नसलेल्या बोर्डला २ यूचे चार आणि स्पेसबारचा एक. फुल साईज असेल तर नंपॅडच्या प्लस, एंटर आणि शून्याचे तीन अजून. सव्वा दोन आणि पावणेतीनच्या बटणांनाही २ यूचीच तार चालते, त्यासाठी वेगळी शोधत फिरू नका. स्पेसबार मात्र ६.२५ चा आहे का ७ चा ते बघूनच मागवा.

आणि एक चूक माझी स्वतःची, कोणावर ढकलत नाही. पहिला बोर्ड जोडला तेव्हा उत्साह असा होता की स्टॅबिलायझर पाकिटातून काढले, तसेच बसवले, वर प्लेट, ६१ स्विच, आणि रात्री दीडपर्यंत सोल्डर करत बसलो. एका स्विचला दोन पाय म्हणजे १२२ टाके. पूर्ण झालं, प्लग लावला, पहिलं वाक्य टाईप केलं आणि स्पेसबारमधून असा आवाज आला जसा एसटीच्या मागच्या सीटची खिडकी वाजते. पीसीबीवरचा स्टॅबिलायझर काढायचा तर प्लेट काढावी लागते, प्लेट काढायची तर सगळे स्विच, म्हणजे १२२ टाके परत पंपानं ओढून काढा. दोन संध्याकाळी गेल्या, दोन टाक्यांचं तांबंही उखडलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, स्टॅबिलायझर आधी, सोल्डर सगळ्यात शेवटी. हॉटस्वॅप बोर्ड असेल तर स्विच नुसते ओढून काढता येतात, तेवढा ताप वाचतो, तरी प्लेट उचलावी लागतेच.

ट्यूनिंगची खरी गंमत मला बाबांनी शिकवली, त्यांना मेकॅनिकल कीबोर्ड हा शब्दही माहीत नव्हता. मी टेबलावर सगळं पसरून ग्रीसवर ग्रीस लावून राहिलो होतो आणि टिकटिक काही जात नव्हती. बाबा ऐंशीला टेकलेत, एका कानानं कमी ऐकू येतं, पण मशीनचा आवाज त्यांना दुसऱ्या खोलीतून कळतो. आले आणि म्हणले, वंगण काय ओतून राहिला, आधी दांडा सरळ आहे का ते पाह्य. टाईपरायटरच्या स्पेसबारखालीसुद्धा आडवा दांडा असतो, तो पिळला की बार एका बाजूनं आधी लागतो, त्यांनी तसले कित्येक सरळ केलेत. मी तार काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी आपला दाढीचा आरसा आणला, टेबलावर पालथा नाही, काच वर करून ठेवला, आणि तार त्यावर आडवी टाकली. एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, दुसऱ्या बाजूचा पाय काचेवरून उचलला गेला. अगदी जरासा, एक कागद जाईल एवढा. बोट काढलं की टिक. परत दाबलं, परत टिक. म्हणले, हे घे, हाच तुझा आवाज.

मग त्यांनी पक्कड मागितली नाही. तारेचा एक कोपरा डाव्या हाताच्या चिमटीत, पाय उजव्या हाताच्या, आणि उलट्या दिशेनं असा किंचित पीळ दिला की मला वाटलं काही केलंच नाही. परत काचेवर. आता दुसरा पाय उचलला, म्हणजे थोडं जास्त झालं. परत मागे. असं सात-आठ वेळा. शेवटी आरशात तार आणि तिचं प्रतिबिंब मध्ये फट न राहता एकमेकांना चिकटून दिसलं, कुठेही दाबा, आवाज नाही. तेव्हा मला कळलं की साधी काच घेतली तर चालते पण आरसा असला तर फट दुप्पट दिसते. हे मी कुठल्याच व्हिडिओत पाहिलं नव्हतं. दोन्ही पाय एकमेकांना समांतर आहेत का आणि कोपरे काटकोनात आहेत का तेही बघून घ्या. सव्वा सहाची तार लांब असते म्हणून तीच जास्त त्रास देते, लहान तारा पुष्कळदा पाकिटातूनच बऱ्या निघतात. याला रुपया लागत नाही, आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त आवाज इथेच मरतो. तार वाकडी असेल तर वरून कितीही महाग ग्रीस भरा, दोन आठवड्यांनी टिकटिक परत हजर.

तार झाली की मग वंगण. स्टेम जिथे हाउसिंगच्या आतल्या भिंतींना घासतो तिथे क्रायटॉक्स २०५जी० नावाच्या ग्रीसचा पातळ हात, पोरांच्या रंगकामाचा शून्य नंबरचा ब्रश चालतो. तारेची टोकं जिथे स्टेममध्ये शिरतात आणि जिथे ती हाउसिंगला अडकते तिथे जाड, डायइलेक्ट्रिक ग्रीस. ते सिलिकॉनचं असतं, गाड्यांच्या प्लगला लावायला मिळतं, ऑटो पार्टवाल्याकडे विचारा. पुढे कधी एखादी बाजू वाजायला लागली तर सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या, बटण काढून स्टेमच्या भोकातून थेंबभर आत सोडा, बोर्ड उघडायची गरज नाही. स्टेमच्या वरच्या फुलीला, जिथे कीकॅप बसते, तिथे ग्रीस लावू नका, कीकॅप निसटते. आणि जास्त भरू नका. जास्त झालं की स्पेसबार खाली जातो तो जांभई देत वर येतो.

इथे नागपूरकरांसाठी खास सूचना. माझ्या एका गिऱ्हाईकानं पैसे वाचवायला व्हॅसलीन भरलं होतं. जानेवारीत मस्त चाललं, मला फोन करून सांगितलं की तुमचं क्रायटॉक्स-बियटॉक्स सगळा पैशाचा खेळ आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, दुपारी कूलर बंद, खोली तापली, व्हॅसलीन पातळ होऊन पीसीबीवर आणि शेजारच्या स्विचमध्ये उतरलं, आणि बिचाऱ्यानं B दाबला की N सुद्धा चिकटायचा. मीही काही शहाणा नव्हतो, सुरुवातीला शिलाई मशीनचं तेल टाकून पाहिलं होतं, ते तर चार दिवसच टिकलं. तसंच बँडेडचं. स्टेम खाली आपटतो तिथे पीसीबीवर कापडी बँडेडचा तुकडा चिकटवतात, आपटण्याचा आवाज मऊ होतो, कल्पना चांगली आहे, पण आमच्याकडे एका उन्हाळ्यात त्याचा गोंद पाघळून कडेनं बाहेर आला. आता मी पातळ फोमचे तयार तुकडे मिळतात ते लावतो. स्टेमच्या आत जिथे तार हलते तिथे टेफ्लॉन टेपची पट्टी बसवायची एक युक्ती आहे, होली मॉड म्हणतात, आवाज खरोखर मरतो पण काम इतकं किचकट की मी एका स्पेसबारवर केलं आणि हात जोडले. जुन्या पद्धतीच्या स्टेमला खाली दोन बारके पाय असतात, ते नेलकटरनं सपाट कापले की आपटताना लुसलुशीत लागत नाही. नवीन चांगल्या सेटमध्ये ते आधीच नसतात, ड्युरॉक वगैरे ब्रँडचा घेतला तर नेलकटर घरातच ठेवा.

एवढं करूनही खडखड राहिली तर स्टॅबिलायझरला शिव्या देण्याआधी स्पेसबार स्वतःच काढून त्याच आरशावर पालथा ठेवा. पीबीटी प्लास्टिकचे लांब स्पेसबार कधीकधी केळ्यासारखे वाकलेले असतात, दोन्ही टोकं वर, मधला भाग टेकलेला. मग तुमच्या तारेनं बिचारीनं काय करायचं.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुरवणीत यावर अर्धा कॉलम टाका, लेखकाला सांगा की पुढच्या वेळी आवाज ऐकायचा असेल तर इंग्रजी गाणं टाईप करू नका, ‘आणि’ पन्नास वेळा टाईप करा. कात्रण घेऊन येणाऱ्या पोरांना मी आरसा देऊन बसवतो, पण माझ्या दुकानात खुर्च्या दोनच आहेत.

आपला,
एक जुना वाचक
महाल, नागपूर

ता.क. : हे पत्र त्याच ६१ स्विचच्या बोर्डवर टाईप केलं आहे. वरचा ळ चा परिच्छेद लिहिताना डावा शिफ्ट परत जरा टिकटिक करायला लागला. बाबा पलीकडच्या खोलीतून ओरडले, डावीकडचा. आरसा शोधून राहिलोय.